उपायन आणि उत्कोच

संस्कृतांत ‘उपायन’ म्हणजे भेट आणि ‘उत्कोच’ म्हणजे लांच. वस्तु एकच असली, तरी हेतूप्रमाणें तिचें नांव पालटतें. वसईच्या सुकेळ्यांचा पुडा शेजाऱ्यास द्यावा, यांत गैर कांहींच नाहीं. परंतु नळ, गटार व बांधकाम यांच्या निर्णयांत ज्याचें मत चालतें, त्या नगरसेवकाच्या घरीं दिवाळींत जाणारा डबा निराळा होय. तो मनुष्यास दिलेला नसून पदास दिलेला असतो; निवडून येण्यापूर्वीं त्याच दारीं कोणीहि डबा नेत नव्हता, हाच याचा पुरावा.

देणगीचें रूप घेतलें म्हणून लांच शुद्ध होत नाहीं. १९८२ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तत्कालीन मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानास मिळालेल्या देणग्यांचा संबंध सिमेंटाच्या वांटपाशीं जोडला, व त्यांना पदत्याग करावा लागला. प्रतिष्ठानाचे उद्देश उदात्त होते. परंतु तेवढ्यानें देवघेवीचा दोष धुवून निघाला नाहीं.

या व्यवहाराची किंमत कोण देतो, हें नालासोपाऱ्यानें पाहिलें. मलनिःसारण केंद्र व कचराभूमि यांसाठीं राखलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उठल्या. त्या पाडाव्या, असा हुकूम उच्च न्यायालयानें ८ जुलै २०२४ रोजीं दिला, व २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत त्या सर्व जमीनदोस्त झाल्या. पुढें मे महिन्यांत सक्तवसुली संचालनालयानें महापालिकेच्या नगररचना विभागांतील एका अधिकाऱ्याकडून सुमारें ९ कोटि रुपये रोख व २३ कोटींचे दागिने आणि सोनें जप्त केल्याचें जाहीर केलें. ऑगस्टांत झालेल्या अटकांत एक माजी नगरसेवकहि होते. दोषी कोण, हें न्यायालय ठरवील. परंतु आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्या कुटुंबांचा संसार रस्त्यावर आला, हें ठरविण्यास निकालाची वाट पाहावी लागत नाहीं.

कौटिल्यानें ‘अर्थशास्त्रां’त राजधन हरण करण्याचे चाळीस प्रकार मोजून ठेविले आहेत. आजच्या कायद्यानें दात्यासहि सोडलेलें नाहीं. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांत २०१८ सालीं जी दुरुस्ती झाली, तीप्रमाणें लांच देणाराहि सात वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरतो. मात्र लांच देण्यास भाग पाडलेल्या मनुष्यानें सात दिवसांच्या आंत पोलिसांस वा तपास यंत्रणेस कळविलें, तर त्याला दोष लागत नाहीं. ही सोय घरोघरीं माहीत असावयास हवी.

तेव्हां गृहिणींस व गृहस्थांस आमचें सांगणें एवढेंच : नगरसेवकाकडे जावयाचें तर अर्ज घेऊन जावें व त्याची पोंच मागावी. डबा नेणाऱ्यास उद्यां ‘पण तुम्हींच दिला होता ना ?’ हें ऐकावें लागतें, आणि मग गटार कां तुंबलें हें विचारण्याचें त्याचें तोंड राहत नाहीं. ज्याच्या हातीं पोंच आहे, तो ताठ मानेनें पुन्हां जाऊं शकतो.