कॅमेऱ्यासाठी जादा बॅटरी घेताय?

लग्नसराई, मुंज, डोहाळजेवण, नाहीतर दिवाळीच्या सुटीतली सहल. मोबाईलवर कितीही फोटो काढले, तरी अशा प्रसंगी कपाटातला कॅमेरा बाहेर येतोच. आणि नेमका अंतरपाट दूर व्हायच्या वेळी तो मान टाकतो! मंगलाष्टकं काही पुन्हा म्हणता येत नाहीत. तेव्हा जवळ एक जादा बॅटरी हवीच, याबद्दल दुमत नाही. पण दुकानात कंपनीच्या बॅटरीची किंमत ऐकून आपण जरा गप्प होतो, आणि दुकानदार लगेच म्हणतो, "ताई, दुसरी दाखवू का? निम्म्यात येईल."

ती घ्यावी का? जरूर घ्यावी, पण पारखून.

'डुप्लिकेट' दोन प्रकारची

आपण दोन अगदी वेगळ्या वस्तूंना 'डुप्लिकेट' हा एकच शब्द वापरतो. पहिली म्हणजे दुसऱ्या एखाद्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने, तुमच्या कॅमेऱ्याला बसेल अशी बनवलेली बॅटरी. कुकरची रिंग नाही का आपण कधी कधी दुसऱ्या कंपनीची आणत? तसंच हे. दुसरी म्हणजे कॅमेऱ्याच्या कंपनीचंच नाव नि शिक्का मारून, भलत्याच स्वस्तात विकायला ठेवलेली बनावट बॅटरी. पहिली चांगली निघू शकते. दुसरीच्या वाटेला मुळीच जाऊ नये. जो माल आपलं नावच खोटं सांगतो, त्याच्या पोटात काय भरलंय याची खात्री कोण देणार?

शिवाय नाव असलं की जाब विचारता येतो. २००७ साली नोकियाच्या बीएल-५सी या मोबाईल बॅटऱ्यांपैकी काही चार्ज होताना तापतात असं आढळलं. त्या मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या होत्या. तेव्हा अशा ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांच्या बाबतीत, मागेल त्याला फुकट बदलून देण्याचं नोकियाने जाहीर केलं. म्हणजे चूक मोठ्या कंपनीच्या मालातही होते. पण ती निस्तरायला कुणीतरी पुढे येतं. बेनामी मालाच्या बाबतीत कुणाचं दार ठोठावणार?

आकड्यांची भूल

बॅटरीवर दोन आकडे असतात. एक व्होल्टचा. तो जुळलाच पाहिजे. ७.२ आणि ७.४ यांतल्या फरकाने घाबरू नका. आत दोन सेल असतात आणि एकेका सेलचे कुणी ३.६ व्होल्ट लिहितं, कुणी ३.७. मात्र ७.४च्या जागी ३.७ची बॅटरी चालणार नाही.

दुसरा आकडा एमएएचचा, म्हणजे बॅटरीत वीज किती मावते त्याचा. फसगत होते ती इथेच. कॅननच्या ईओएस १५००डी या कॅमेऱ्याची एलपी-ई१० ही मूळ बॅटरी ८६० एमएएचची आहे. त्याच आकाराच्या बॅटरीवर कुणी १००० लिहिलं तर एक वेळ समजू शकतं. पण २०००? शेरभराच्या डब्यात दोन शेर तांदूळ मावतील का? कॅननचीच एलपी-ई६ बॅटरी २००८ साली १८०० एमएएचची होती. त्याच आकाराची नवी बॅटरी २०२० साली आली ती २१३० एमएएचची. एवढ्या मोठ्या कंपनीला १२ वर्षांत जेमतेम १८ टक्के वाढ साधली! तेव्हा दुपटीचा आकडा दिसला की ती बॅटरी सरळ परत ठेवावी.

आत काय असतं?

ही लिथियम-आयन जातीची बॅटरी. ती गरजेपेक्षा जास्त भरली किंवा पार रिकामी झाली तर बिघडते; कधी फुगते, क्वचित पेटही घेते. ते टाळण्यासाठी आत एक लहानसं सर्किट असतं. टोकाला दोनापेक्षा जास्त धातूच्या पट्ट्या दिसतात ना? त्यांतल्या दोन विजेच्या. उरलेल्या, बॅटरी किती तापली, किती शिल्लक आहे, असे निरोप पोचवण्यासाठी. स्वस्ताईच्या नादात काटछाट होते ती इथेच. म्हणून काही कॅमेरे परक्या बॅटरीची शिल्लक बरोबर दाखवत नाहीत, तर काही ती स्वीकारतच नाहीत.

विकत घेताना

• कॅमेऱ्याचं नव्हे, जुन्या बॅटरीवरचं मॉडेल लिहून न्या. एका अक्षराने फरक पडतो.
• बॅटरीवर उत्पादकाचं नाव, भारतीय मानक ब्यूरोची खूण, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. हा क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाईल अ‍ॅपवर तपासता येतो.
• पक्की पावती घ्या आणि बदलून देण्याची मुदत विचारून ठेवा.
• बॅटरी अलगद बसली आणि अलगद निघाली पाहिजे. दाबून बसवावी लागली तर घेऊ नका.
• कार्याच्या आदल्या दिवशी नव्हे, चांगली पंधरा दिवस आधी घ्या. पूर्ण चार्ज करून किती फोटो निघतात ते मोजा. मुदतीतच दोष कळलेला बरा.

कॅमेरा वॉरंटीत असेल तर मात्र कंपनीचीच बॅटरी घेतलेली बरी. परक्या बॅटरीने झालेलं नुकसान कंपन्या सहसा भरून देत नाहीत.

घरात वापरताना

दोन्ही बॅटऱ्यांवर नेलपॉलिशचा एक आणि दोन ठिपका द्या आणि आळीपाळीने वापरा. कोणती लवकर संपते ते आपोआप कळेल. चार्जिंगला लावताना गादीवर किंवा उशीजवळ नको, फरशीवर किंवा कडप्प्यावर ठेवा आणि रात्रभर लावून झोपू नका. पर्समध्ये सुटी टाकू नका. सेफ्टी पिन, किल्ल्या किंवा नाणी पट्ट्यांना टेकली तर शॉर्ट सर्किट होतं. बरोबर आलेलं प्लॅस्टिकचं झाकण म्हणूनच जपून ठेवायचं. विमानप्रवासात जादा बॅटरी हातातल्या बॅगेतच न्यावी लागते. सामानात टाकायला बंदी आहे. बरेच दिवस वापर नसेल तर निम्मी चार्ज करून कोरड्या, थंड जागी ठेवा.

आणि बॅटरी फुगलेली दिसली तर? पुन्हा चार्ज करू नका, टोचू नका, दाबू नका. कॅमेऱ्यात अडकली असेल तर चमच्याने उचकटू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. बाहेर निघालेली फुगीर बॅटरी कोरड्या वाळूच्या मातीच्या भांड्यात घालून, पडदे-कपड्यांपासून दूर, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा आणि लवकरच ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. घंटागाडीत मात्र कधीच टाकायची नाही.

भाजी घेताना आपण एकेक वांगं उलटसुलट करून पाहतो. या एवढ्याशा डबीवरची बारीक अक्षरंही तशीच, चष्मा लावून, दुकानातच वाचावीत. पैसे वाचतील, आणि अंतरपाट दूर होतानाचा फोटोही हाती येईल.