तालाची जबाबदारी बोटांवर

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मॅल्बे या गावात १९७३ पासून दर जुलैत विली क्लॅन्सी या पायपरच्या, म्हणजे बॅगपाइप वादकाच्या, नावाने पारंपरिक आयरिश संगीताची उन्हाळी शाळा भरते. तिथे फिडलही शिकवतात. फिडल म्हणजे व्हायोलिनच. पण इथल्या वर्गात बसलं की हात किती वेगळा चालतो ते कळतं. समोर नोटेशन नसतं. शिक्षिका चार-चार मात्रांचे तुकडे वाजवतात, आपण ऐकून उचलायचे.

चाल बसली की 'रोल' हा अलंकार शिकवतात. डी तारेवर दुसऱ्या बोटाने एफ शार्प धरायचा, गज एकाच दिशेने चालू ठेवायचा. तिसरं बोट तारेला निसटता स्पर्श करून लगेच वर, हा 'कट'. पुन्हा एफ शार्प. मग दुसरं बोट क्षणभर उचललं की पहिल्या बोटाचा ई डोकावतो, आणि दुसरं बोट परत तारेवर आपटतं, ही 'टपली'. पुन्हा एफ शार्प. आपल्या कणस्वराची उंची कानाला जाणवते. कटची जाणवता कामा नये. बोट तार पूर्ण दाबतच नाही, नाद तेवढा तुटतो.

असं का? हे संगीत नाचासाठी वाढलं. घरातल्या फरशीवर जोड्या नाचायच्या आणि वाजवायला बरेचदा एकटा फिडलर. ठेका त्यानेच द्यायचा. सहाच्या चालीतल्या जिगमध्ये लांब रोल बरोबर तीन मात्रा व्यापतो: पहिलीवर स्वर, दुसरीवर कट, तिसरीवर टपली. डावा हात जणू ढोलकी वाजवतो.

उजव्या हाताचं काम म्हणजे 'ट्रेबल': मनगटाच्या झटक्याने गजाचे तीन झटपट, खरखरीत फटकारे. डोनेगल परगण्यातले वादक यावर भर देतात, बहुतेक स्वरांना वेगळा गज मारतात. जॉन डोहर्टी त्यातले मोठे. स्लायगो परगण्याच्या वळणात एका गजात अनेक स्वर आणि रोलची रेलचेल. स्लायगोचा मायकेल कोलमन १९१४ मध्ये अमेरिकेला गेला. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कला निघालेल्या त्याच्या तबकड्या मायदेशी पोचल्या आणि गावोगावचे फिडलर त्याच्यासारखं वाजवू लागले.

वर्गात मधेच सगळे अलंकार काढून नुसती चाल वाजवायला लावतात. मला ही कसोटी फार मोलाची वाटते. नुसत्या चालीवर पाय हलला, तरच वर घातलेला रोल शोभतो.