सायकलवाला कडेने का जात नाही?

लेखमाला : रस्ता सायकलचाही – भाग ५

मोटार चालवणाऱ्यांची सायकलवाल्यांबद्दल एक तक्रार हमखास असते. ही माणसं कडेने का जात नाहीत? मागून हॉर्न वाजवला तरी बाजूला होत नाहीत, भर रस्त्यातून आपली पायडल मारत राहतात. मागच्या भागात पुण्याच्या सायकल ट्रॅकचं काय झालं ते पाहिलं. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली, तिच्याबरोबर ट्रॅकही आले. आज त्यांच्यावर कुठे दुचाकी उभ्या असतात, कुठे टपरी, तर कुठे ट्रॅक मध्येच संपतो. मग सायकलवाला येतो मुख्य रस्त्यावर, आणि तिथे त्याने नेमकं कुठून चालवायचं हा प्रश्न उभा राहतो.

मोटारीच्या काचेतून डावी कडा मोकळी दिसते. सायकलच्या सीटवरून ती तशी नसते. डांबराचा थर जिथे संपतो तिथे दोन-तीन बोटांची पायरी असते. पुढे खडी, वाळू, काचा आणि पावसाळ्यात तळं. त्यात पावसाळी गटाराची जाळी येते. तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने उभ्या बसवलेल्या असतील तर सायकलचं पुढचं चाक दोन पट्ट्यांच्या फटीत उतरतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. शर्यतीच्या सायकलचं टायर जेमतेम अडीच सेंटिमीटर रुंद असतं. त्याला गिळायला फार मोठी फट लागत नाही.

त्याहून वाईट म्हणजे उभ्या मोटारींची रांग. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या कडेला लावलेल्या गाडीतून उतरताना तो दार उघडतो ते थेट वाहत्या रस्त्यात. उघडलेलं दार साधारण मीटरभर जागा घेतं. ताशी पंधरा किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला चार मीटर पुढे सरकते. दार उघडताना दिसलं तरी ब्रेक लागेपर्यंत ती दारावर आदळलेली असते, किंवा दार चुकवायला गेलेला माणूस मागच्या बसपुढे आलेला असतो. रिक्षाची गोष्ट उलटी. तिच्यातला प्रवासी डावीकडे उतरतो, म्हणून कडेपासून थोडं अंतर सोडून थांबलेल्या रिक्षाच्या डावीकडून सायकल घालणं धोक्याचं. बस आणि ट्रक डावीकडे वळताना त्यांची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात. कडेला चिकटलेला सायकलवाला नेमका त्या कोपऱ्यात सापडतो, आणि उंच केबिनमधल्या चालकाला तो दिसतही नाही. लंडनमध्ये अशा मृत्यूंमुळेच १२ टनांवरच्या मालट्रकांसाठी चालकाला किती दिसतं याचं मोजमाप ठरवून २०२१ पासून परवाना सक्तीचा केला गेला.

म्हणजे मधून चालवणारा सायकलवाला बहुतेक वेळा कशापासून तरी दूर राहत असतो. त्याला मुजोर ठरवण्याआधी त्याच्या डावीकडे काय आहे ते एकदा पाहायला हवं.

आपल्यासारखंच डावीकडून वाहन चालवणाऱ्या ब्रिटनने हे लेखी मान्य केलं आहे. तिथल्या ‘हायवे कोड’मध्ये जानेवारी २०२२ पासून बदल झाले. शांत रस्त्यावर, वाहतूक संथ असताना, चौकाजवळ किंवा रस्ता अरुंद होतो तिथे सायकलस्वाराने लेनच्या मध्यातून चालवावं. वर्दळीच्या रस्त्यावर कडेपासून किमान अर्धा मीटर आणि उभ्या गाड्यांपासून सुमारे एक मीटर दूर राहावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मोटारचालकालाही सांगितलं आहे की ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओव्हरटेक करताना किमान दीड मीटर अंतर सोडा, आणि त्यापुढे जास्त.

यात एक खोच आहे, ती लपवून चालणार नाही. बाथ विद्यापीठातल्या इयन वॉकर या मानसशास्त्रज्ञाने सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावून स्वतःला ओव्हरटेक करणाऱ्या दोन हजारांहून जास्त गाड्यांची नोंद केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातला हेल्मेटबद्दलचा निष्कर्ष खूप गाजला आणि पुढे वादातही सापडला. पण आपल्या विषयाशी थेट संबंध आहे तो दुसऱ्या निरीक्षणाचा : सायकल कडेपासून जितकी आत, तितक्या गाड्या तिला जास्त घसटून गेल्या. म्हणजे अर्धवट आत येण्यात सुख नाही. रस्ता रुंद असेल तर दार आणि जाळी चुकतील एवढं अंतर राखून सरळ रेषेत जावं. जिथे ओव्हरटेकला जागाच नाही तिथे ठामपणे मध्य धरावा, म्हणजे मागच्याला कट मारण्याचा मोहच होणार नाही. जागा मिळताच पुन्हा डावीकडे सरकावं. मागच्याला एवढं देणं लागतंच.

मागच्याचं किती नुकसान होतं? अरुंद पट्टा शंभर मीटरचा धरा. पंधराच्या वेगाने तो पार करायला २४ सेकंद लागतात, चाळीसच्या वेगाने ९. फरक पंधरा सेकंदांचा. पुढच्या सिग्नलला ते दोघे बहुधा शेजारीशेजारीच उभे असतात.

मात्र सायकलवाल्यांची एक सवय कुठल्याच हिशेबात बसत नाही : राँग साइडने येणं. गल्लीतून डावीकडे वळणारा चालक उजवीकडे पाहतो, कारण वाहनं तिकडूनच यायला हवीत. डावीकडून येणारी सायकल त्याच्या नजरेत येते तेव्हा ती बंपरला टेकलेली असते. रात्री दिवा नसणं हा तितकाच मोठा दोष. सायकलला दिवा नाही म्हणून पोलिसाने अडवल्याची आठवण जुन्या पुणेकरांकडे अजून निघेल. तो धाक गेला आणि दिवाही गेला. रस्त्यावर हक्क सांगणाऱ्याने निदान दिसायला तरी हवं.

अपघात झालाच तर भार कोणी उचलायचा? नेदरलँड्सच्या रस्ते वाहतूक कायद्याचं कलम १८५ मोटारीकडे बोट दाखवतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला मोटारीने धडक दिली तर जवळपास नेहमीच पूर्ण भरपाई मोटारीच्या बाजूने द्यावी लागते. मोठ्या सायकलस्वाराची स्वतःची चूक असली तरी साधारणपणे किमान निम्मी. आपल्या मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६४ आलं. मोटार अपघातात मृत्यू झाला तर पाच लाख आणि गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख रुपये, चूक कोणाची हे सिद्ध न करता मागता येतात. सायकलने कामावर जाणाऱ्या किती घरांना हे ठाऊक आहे? आपल्या ओळखीच्या अशा एका घरी तरी ही माहिती जरूर पोहोचवा.

आणि आजपासून एक सवय लावून घ्या. गाडीतून उतरताना उजवं दार डाव्या हाताने उघडायचं. खांदा आपोआप वळतो, मान मागे जाते आणि येणारी सायकल दिसते. मुलांना डावं दार उजव्या हाताने उघडायला शिकवा. गटाराच्या जाळ्या आडव्या बसवण्याची मागणी मात्र महापालिकेकडेच करायला हवी. आपल्या रस्त्यावरची जाळी उभी असेल तर फोटो काढून क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्या.

पुढच्या आठवड्यात : लाल सिग्नल आणि सायकल.