अदृश्य ठिणगी

बीड जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेला आहे. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि जिल्ह्यातून बालाघाटाच्या रांगा गेलेल्या आहेत. तरीही वर्षातील बरेच महिने येथील हवा कोरडीच असते. पौषातील थंडीत रात्री अंधारात लोकरीची घोंगडी झटकली, की चटचट असा बारीक आवाज होतो आणि क्षणभर निळसर ठिणग्या चमकून जातात. पॉलिएस्टरचा सदरा अंगातून काढताना हातावरचे केस उभे राहतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या लोखंडी कडीला हात लावावा, तर बोटाला मुंगी चावल्यासारखा चटका बसतो. लहान मुलांना या गोष्टीची मोठी गंमत वाटते. परंतु जी ठिणगी माणसाला केवळ हसविते, तीच एखाद्या नाजूक यंत्राचे प्राण घेऊ शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

ही ठिणगी येते कोठून? प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला असतो आणि अणूत इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण असतात. दोन पदार्थ एकमेकांवर घासले किंवा नुसते चिकटून अलग झाले, तरी एकाचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. ज्याला ते मिळतात त्याच्यावर ऋण प्रभार येतो आणि ज्याने ते गमावले त्याच्यावर धन प्रभार येतो. तांब्याच्या तारेतून वीज वाहते. हा प्रभार मात्र जागच्या जागी साचून राहतो, म्हणून त्याला स्थितिक विद्युत असे म्हणतात. सुमारे 2600 वर्षांपूर्वी ग्रीस देशातील लोकांना राळेपासून बनलेल्या एका पिवळ्या खड्याचा हा गुण माहीत होता. तो खडा घासला असता गवताच्या काड्या आपल्याकडे ओढून घेई. आपल्याकडे त्याला तृणमणी म्हणतात. तृण म्हणजे गवत. नावातच गुण सांगितलेला आहे! ग्रीक भाषेत त्याला जे नाव होते, त्यावरूनच पुढे इलेक्ट्रॉन हा शब्द तयार झाला.

साचलेल्या प्रभाराला निघून जाण्यास वाट हवी असते. हवेत ओलावा असेल, तर वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो व त्यातून प्रभार हळूहळू निघून जातो. हवा कोरडी असेल, तर ही वाट बंद होते. गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर दमट हवेत सुमारे 1500 व्होल्टचा दाब निर्माण होतो. अत्यंत कोरड्या हवेत हाच दाब 35,000 व्होल्टपर्यंत चढू शकतो, असे मोजमापांत आढळले आहे. मग एवढ्या दाबाने माणूस दगावत कसा नाही? याचे कारण असे, की दाब मोठा असला तरी प्रभाराची राशी अत्यल्प असते. डोंगरकड्यावरून एक थेंब पडावा, तसा हा प्रकार आहे. उंची पुष्कळ, पण पाणी थेंबभर!

माणसाला सोसणारा हा थेंब इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांना मात्र सोसत नाही. 1947 साली अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि 1958 साली विद्युत-मंडलाचे निरनिराळे भाग एकाच तुकड्यावर बसविण्याची युक्ती जॅक किल्बी या अभियंत्याने प्रत्यक्ष करून दाखविली. आज नखाएवढ्या चिपवर कोट्यवधी ट्रान्झिस्टर असतात. त्यांतील विसंवाहक थर माणसाच्या केसाच्या हजाराव्या हिश्शाहूनही पातळ असतात. काही भाग तर 100 व्होल्टहून कमी दाबानेही निकामी होतात. माणसाच्या बोटाला चटका जाणवण्यास मात्र सुमारे 3000 व्होल्ट लागतात. म्हणजे ठिणगीचा आवाज झाला नाही, प्रकाश दिसला नाही, बोटाला काही कळलेही नाही, तरी चिपचे नुकसान होऊन गेलेले असते.

याहूनही कपटी असा एक प्रकार आहे. कधीकधी ठिणगीने चिप मरत नाही, नुसती घायाळ होते. तपासणीत ती व्यवस्थित काम करते आणि पुढे केव्हातरी अचानक बंद पडते. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून लक्षावधी ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. अनेक घरांत मागे आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी मुले राहतात. आई-वडील व मुले यांच्यामधला दुवा म्हणजे एक मोबाइल फोन! तो दुरुस्त करताना आत घायाळ चिप बसली, तर ऐन गरजेच्या रात्री तो मुका होईल. अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयासारख्या ठिकाणी अत्यवस्थ रोग्याची नाडी व श्वास दाखविणारी यंत्रे असतात. त्यांच्या पोटातही अशाच चिप असतात. तेथे एका सूक्ष्म ठिणगीची किंमत किती होईल, हे सांगावयास नको.

म्हणून या भागांना कारखान्यापासून दुकानापर्यंत जपून न्यावे लागते. पण कशात गुंडाळून? पॉलिथिनचा शोध 1933 साली इंग्लंडमध्ये लागला. ते हलके, स्वस्त व चिवट असल्यामुळे त्याच्या पिशव्या घरोघरी पोहोचल्या. तथापि पॉलिथिन हे उत्तम विसंवाहक आहे. त्यावर घर्षणाने आलेला प्रभार तेथेच अडकून बसतो. कोरड्या हवेत साधी पॉलिथिनची पिशवी टेबलावरून उचलली, तरी 20,000 व्होल्टपर्यंत दाब निर्माण होऊ शकतो. अशा पिशवीत चिप ठेवणे म्हणजे कोकराच्या राखणीला लांडगा बसविणे होय. थर्मोकोलचीही गोष्ट हीच.

तर मग सगळे आवरण धातूचेच का करू नये? धातूवरून प्रभार अतिशय वेगाने धावतो. प्रभार साचलेली चिप उघड्या धातूला टेकताच तिच्यातील प्रभार एकदम बाहेर पडतो आणि हा वेगच घातक ठरतो. शिवारातील शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नाही. पावसाचे पाणी बांध फोडून धावले, तर सुपीक माती वाहून नेते; तेच पाझर तलावातून हळूहळू झिरपले, तर कोणाचेही नुकसान होत नाही. चिपच्या आवरणालाही असाच पाझर हवा असतो. ते पूर्ण विसंवाहक नको आणि पूर्ण वाहकही नको.

हा पाझर निर्माण करण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत. पहिली रीत गुलाबी पिशवीची. हिच्या प्लॅस्टिकमध्ये एक विशेष रसायन मिसळलेले असते. त्याच्या रेणूचे एक टोक प्लॅस्टिकमध्ये रमते आणि दुसऱ्या टोकाला पाण्याची ओढ असते. हे रेणू हळूहळू पृष्ठभागावर येतात व हवेतील ओलावा धरून ठेवतात; त्या अदृश्य ओलाव्यातून प्रभार झिरपून जातो. गुलाबी रंग ही केवळ ओळखीची खूण आहे, रंगात काही गुण नाही. या पिशवीला दोन मर्यादा आहेत. कालांतराने रसायन संपते. शिवाय हवेतच ओलावा नसेल, तर ती धरणार तरी काय? म्हणजे वैशाखातील मराठवाड्यासारख्या कोरड्या हवेत, जेथे तिची खरी गरज, तेथेच ती दुबळी पडते. तसेच बाहेरून येणारी ठिणगीही ती थोपवू शकत नाही.

दुसरी रीत काळ्या पिशवीची. हिच्या प्लॅस्टिकमध्ये काजळीसारखी कार्बनची भुकटी मिसळतात. कार्बन विजेचा वाहक आहे आणि त्याला ओलाव्याची गरज नाही. म्हणून ही पिशवी कोरड्या हवेतही काम देते. मात्र ज्या पट्टीवर विद्युत-घट बसविलेला आहे, ती अशा पिशवीत ठेवू नये; कारण पिशवीतून वीज वाहून घट रिकामा होण्याचा संभव असतो.

तिसरी रीत चंदेरी पिशवीची. हिच्यात प्लॅस्टिकच्या थरांमध्ये अॅल्युमिनियमचा थर असतो. तो इतका पातळ असतो, की पुष्कळदा आतील वस्तू अंधूक दिसते. आतल्या प्लॅस्टिकला गुलाबी पिशवीसारखाच गुण दिलेला असतो. या रीतीच्या मुळाशी मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाचा शोध आहे. लोहाराच्या घरी जन्मलेला आणि लहानपणी पुस्तके बांधण्याचे काम शिकलेला हा मुलगा पुढे जगप्रसिद्ध झाला. 1836 साली त्याने खोलीएवढी पेटी तयार करून तिला धातूच्या पत्र्याने मढविले. बाहेरून तिच्यावर विजेच्या ठिणग्या सोडल्या. आत मात्र विजेचा लवलेशही आढळला नाही. प्रभार धातूच्या बाह्य अंगावरच राहतो, हे त्याने सिद्ध केले. चंदेरी पिशवी म्हणजे फॅरडेची ती खोलीच, फक्त खिशात मावणारी! मात्र तिचे तोंड नीट बंद केले पाहिजे. उघड्या दाराच्या किल्ल्यात राजा सुरक्षित कसा राहील?

पिशवी कितीही चांगली असली, तरी अखेर ती माणसाच्याच हाताने उघडावी लागते. म्हणून कुशल कारागीर मनगटावर एक पट्टा बांधतो व त्याची तार जमिनीशी जोडतो. या तारेतही 10 लाख ओहमचा रोध मुद्दाम घातलेला असतो. त्यामुळे अंगावरील प्रभार सावकाश निघून जातो आणि चुकून हात विजेच्या तारेला लागला, तरी कारागिराचा जीव वाचतो. अशा कामाला सुती कपडे चांगले. कारण कापूस ओलावा धरून ठेवतो आणि पॉलिएस्टर तो फारसा धरत नाही. गेवराई-माजलगावच्या शेतांत पिकणाऱ्या कापसाचा हा गुण चिपच्याही उपयोगी पडतो!

सुट्या भागांच्या वेष्टनावर पिवळ्या-काळ्या त्रिकोणात हाताचे चित्र असते. हातावर तिरकी रेघ असेल, तर तिचा अर्थ ‘आतील वस्तू नाजूक आहे, उघड्या हाताने स्पर्श करू नका’ असा आहे. ही खूण ओळखणे, वेष्टन घाईने न फाडणे आणि भाग हाती घेण्यापूर्वी अंगावरील प्रभार जमिनीत जाऊ देणे, या गोष्टींना पैसा लागत नाही. सावधपणा मात्र लागतो. डोळ्यांना दिसते त्या संकटापासून सारेच स्वतःला वाचवितात. जे दिसत नाही, ऐकू येत नाही आणि बोटालाही कळत नाही, त्याची जाणीव ज्ञानच करून देते. मग दहा पैशांची काय, शंभर रुपयांची काय, ती पिशवी केवळ पिशवी राहत नाही. दूर गेलेल्या आईचा आवाज मुलापर्यंत पोहोचविणाऱ्या यंत्राची ती राखणदार ठरते.