ब्राउझर नवा ठेवायचा कोणी?

ऑगस्ट २००१ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये सातवा येईपर्यंत ऑफिसांतल्या सिस्टिमवाल्यांना ब्राउझरची चिंता अशी नव्हतीच. २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टचे पॅच यायचे. ते चार-दोन मशीनवर लावून बघायचे, काही बिघडलं नाही तर बाकीच्यांना सोडायचे. आवृत्ती तीच राहायची. कंपन्यांनीही रजेच्या अर्जापासून हिशेबापर्यंत सगळं त्या एका ब्राउझरच्या लहरींवर बेतून घेतलं. गळ्यात धोंडा बांधून घेतला तो इथे. जानेवारी २०१० मध्ये गूगलवरच्या हल्ल्यात याच ब्राउझरचं छिद्र वापरल्याचं उघड झालं, तेव्हा जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांनी दुसरा ब्राउझर वापरा असं सांगितलं. पण सांगणं सोपं होतं. सहावा काढला की घरचीच सॉफ्टवेअरं बंद पडत.

सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या गूगलच्या क्रोमने विचारणंच सोडलं. तो कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसे, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागत नसे आणि गुपचूप नवा होत असे. सुरक्षेच्या दृष्टीने हे उत्तमच. सिस्टिमवाल्यांना मात्र तो आगाऊपणा वाटला. डिसेंबर २०१० मध्ये गूगलने सगळ्या मशीनवर एका जागेवरून बसवता येणारं एमएसआय पॅकेज आणि नियम लावायला ग्रुप पॉलिसी दिल्या, तेव्हा कुठे त्यांच्या हाती काही आलं.

खरा भडका उडाला तो फायरफॉक्सवरून. मार्च २०११ मध्ये चौथी आवृत्ती आली. मोठ्या कंपन्या ती तपासतच होत्या, तोवर जूनमध्ये पाचवी आली आणि चौथीच्या सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या. यापुढे दर सहा आठवड्यांनी हेच. हजारो मशीन सांभाळणाऱ्यांची तपासणीच तेवढ्या वेळात होत नसे. मला त्यांची तक्रार रास्त वाटते, पण तिच्या आड आळसही लपत असे. जानेवारी २०१२ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने वर्षभर टिकणारी ईएसआर आवृत्ती काढली. वैशिष्ट्यं गोठलेली, सुरक्षा दुरुस्त्या चालू. पुढे मार्च २०१७ मध्ये मुख्य फायरफॉक्सने जावा अ‍ॅपलेट बंद केली, तेव्हा डिजिटल सहीने ई-निविदा भरणाऱ्या आपल्याकडच्या ठेकेदारांनाही या ईएसआरने आणखी वर्षभराहून जास्त तारलं.

आवृत्ती रोखून धरली म्हणजे निर्धास्त, हा समज नोव्हेंबर २०१९ मध्ये मोडला. गूगलने क्रोमची आवृत्ती न बदलता, दुरूनच एक प्रयोग चालू केला: झाकल्या गेलेल्या खिडकीचं काम थांबवायचा. एका सर्व्हरवर अनेकांची सत्रं चालणाऱ्या सिट्रिक्ससारख्या व्यवस्थेत त्याने टॅब पांढरेफटक पडले. सिस्टिमवाले आपल्याच नेटवर्कमध्ये दोष शोधत बसले, कारण त्यांच्या नोंदीत कुठलंच अपडेट नव्हतं. गूगलने प्रयोग मागे घेतला.

सप्टेंबर २०२१ पासून क्रोम चार आठवड्यांवर आला. ज्यांना तो वेग झेपत नाही त्यांच्यासाठी आठ आठवड्यांची वाट ठेवली. ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षा दुरुस्त्या दर आठवड्याला येऊ लागल्या. आता सिस्टिमवाला फार तर वेग ठरवतो: आधी कोणती मशीन, मग कोणती, आणि ब्राउझर बंद करून उघडा असं किती दिवसांनी सक्तीने सांगायचं. हा शेवटचा भाग अजूनही सगळ्यात कटकटीचा, कारण पन्नास टॅब उघडे ठेवणारा माणूस ते बंद करत नाही.

इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. मायक्रोसॉफ्टच्याच एज ब्राउझरमधला त्याचा जुना मोड मात्र किमान २०२९ पर्यंत चालवू, असं कंपनीने कबूल केलं आहे.