सांबरशिंगाची मूठ

सांबरशिंगाची मूठ म्हणजे सांबराच्या शिंगापासून घडविलेली सुरी, कट्यार किंवा शिकारी चाकूची मूठ होय. इंग्लंडमधील शेफील्डचे चाकू कारखानदार पूर्वी हे शिंग भारतातून मागवीत. भारतात आज अशी मूठ नव्याने बनविणे कायद्याच्या कक्षेत येते.

शिंगाचे स्वरूप

मराठीत 'शिंग' हा एकच शब्द दोन वेगळ्या पदार्थांसाठी वापरला जातो, त्यामुळे घोटाळा होतो. गवा व म्हैस यांचे शिंग केराटिनचे, म्हणजे नखासारख्या पदार्थाचे असून ते आयुष्यभर टिकते. सांबर, चितळ, भेकर यांचे शिंग मात्र हाडच असते. ते नराला येते, ठरावीक काळाने गळते व पुन्हा वाढते. विजयदुर्गच्या कारागिरांच्या शिंगकामाची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरांत आहे. पण केराटिनचे शिंग ऊब देऊन वाकविता येते, तसे सांबरशिंग वाकत नाही. ते कापून व घासूनच घडवावे लागते.

सांबरशिंगाचा बाह्य थर जाड व टणक, तर गाभा सच्छिद्र असतो. इतर हरणांच्या मानाने हा गाभा कमी असल्याने चाकूसाठी सांबरालाच पसंती मिळाली. खडबडीत पृष्ठामुळे ओल्या हातातूनही मूठ निसटत नाही.

घडण

शिंग प्रथम पूर्ण वाळवितात, अन्यथा मूठ पुढे आकसून सैल होते. करवतीने तुकडा कापल्यावर गाभ्यात छिद्र पाडतात, पात्याचे निमुळते टोक त्यात बसवितात आणि पोकळी लाख किंवा राळेने भरतात. अलीकडे इपॉक्सी वापरतात. पाते रुंद असल्यास दोन्ही बाजूंना शिंगाच्या चकत्या लावून पितळी खिळ्यांनी ठोकतात. कानशीने केवळ कडा घासतात. बाहेरील खाचा तशाच ठेवणे हे चांगल्या कामाचे लक्षण. घासताना उडणारी भुकटी फुप्फुसांना अपायकारक असते.

कायदेशीर स्थिती

तळेऱ्याहून वैभववाडीमार्गे करूळ घाटाने गगनबावड्याकडे जाताना लागणाऱ्या सह्याद्रीच्या रानात सांबर आढळते. तेथे गळून पडलेले शिंग दिसल्यास ते कोणाचेच नाही असा समज होतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मात्र हरणाच्या शिंगाचा समावेश वन्यप्राण्यांच्या अवशेषांत करतो आणि कलम ३९ अन्वये असे अवशेष शासनाची मालमत्ता ठरतात. ते हाती आल्यास ४८ तासांत पोलीस ठाण्यास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळवावे लागते. मोराच्या पिसांना व्यापाराच्या तरतुदींतून सवलत आहे. सांबरशिंगाला तशी सवलत नाही. त्यामुळे चाकू घडविणारे आता म्हशीचे शिंग, उंटाचे हाड किंवा लाकूड वापरतात. कोकणातील कोयत्याला तर लाकडी मूठच रूढ आहे.