भरतीचे पाणी आणि उरणकडची नवी नगरे



उरण आणि पनवेलच्या किनारपट्टीवर गेल्या काही वर्षांत जी मोठी कामे पुरी झाली, त्यांची नावे आता लहान पोरांच्याही तोंडी आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून चिर्ल्याला येणारा अटल सेतू सुरू झाला. त्याची लांबी सुमारे २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. खारकोपरपर्यंत येऊन थांबलेली आगगाडी त्याच दिवशी उरणला पोचली. पुढे २५ डिसेंबर २०२५ पासून नव्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. ज्या मोरा बंदरात आजही ओहोटीला गाळ आडवा आला की लाँच खोळंबते, त्या भागात ही सारी कामे व्हावीत, याचे कौतुक कुणालाही वाटेल.

पण पूल, रूळ आणि विमाने यांच्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. आज मला बोलायचे आहे ते जमिनीलगतच्या, सहसा कुणाच्या नजरेस न येणाऱ्या एका कामाविषयी. उलवे, द्रोणागिरी अशा नव्या वसाहतींतले पावसाचे पाणी समुद्रात जाते कसे? आणि ते गेले नाही तर शिरते कुणाच्या घरात?

ही जमीन मुळात कोणती, ते आधी ध्यानात घेऊ. तिच्यापैकी पुष्कळशी खार जमीन आहे. खाडीकाठच्या चिखलाला बांध घालून आपल्या वाडवडिलांनी ती भाताखाली आणली. काही ठिकाणी मिठागरे केली. उधाणाची भरती जेवढी चढते, तिच्यापेक्षा ही शेते खाली आहेत. म्हणजे बाहेर समुद्र उंच आणि आत शेत सखल. अशा जागी पावसाचे पाणी बाहेर काढायचे कसे? त्याला आपल्याकडे उत्तर होते ते उघाडीचे. बांधात एक मोरी ठेवायची आणि तिच्या बाहेरच्या तोंडाला झडप लावायची. भरती आली की खाडीच्या पाण्याचा दाब पडून झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली, बाहेरचे पाणी उतरले, की आतले पाणी तीच झडप लोटून बाहेर पडते. ना इंजिन, ना तेल. फक्त झडप फिरती राहिली पाहिजे आणि मोरीत गाळ बसता कामा नये.

यासाठी माणसे लागत. बांधाला खांड गेली की खारे पाणी आत घुसून दोन-तीन वर्षांचे पीक बुडे. म्हणून साऱ्या गावाने मिळून बांध राखायचा, अशी रीत होती. अलिबाग-पेणकडे तिला जोळ म्हणत. हॉलंड देशातही समुद्रापेक्षा खोल जमिनी आहेत, आणि तिथे जमीनधारकांकडून पट्टी घेऊन बांध व पाणी सांभाळणारी निवडलेली मंडळे कैक शतके चालत आली आहेत. आपली जोळ तेवढी टिकली नाही. १९४८ साली मुंबई राज्याने खार जमिनींचा कायदा केला, १९७९ मध्ये महाराष्ट्राने नवा केला, आणि बांधांचे काम हळूहळू सरकारी खात्याकडे गेले. त्यात सोय होती, नाही असे नाही. पण झडप अडकली तर पहाटे कुदळ घेऊन कोणी जायचे, हा प्रश्न मात्र तेव्हापासून सैल झाला, असे मला वाटते.

आता नगराकडे येऊ. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या मुंबईसाठी ठरली. खाडीकाठी शहर बसवताना तिथल्या इंजिनिअरांपुढे नेमका आपल्या वाडवडिलांचाच प्रश्न उभा राहिला. सगळी जमीन उधाणाच्या वर येईल इतका भराव टाकावा, तर खर्च आवाक्याबाहेर. तेव्हा त्यांनी हॉलंडची पद्धत घेतली. भराव बेताचा ठेवायचा, वसाहतीच्या सखल कडेला मोठी तळी राखायची, आणि तळ्याच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा बसवायच्या. भरतीच्या वेळी झडपा बंद. तेवढ्या तासांतला पाऊस तळ्यात साठतो. ओहोटीला झडपा उघडतात आणि तळे रिकामे होते. यांना धारण तलाव म्हणतात. बघा, उघाडीच ती. तिच्या मागे शेताऐवजी तळे आले, एवढेच.

पण हा ‘एवढेच’ शब्द थोडा तपासून पाहावा लागेल. शिक्षक मित्रांनी हे गणित फळ्यावर जरूर करून दाखवावे. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर भरतीच्या वेळात शंभर मिलिमीटर पाऊस पडला, आणि आपल्या कोकणात तो काही अपूर्व नव्हे, तर हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर पाणी झाले. भाताच्या खाचराला वीतभर उंचीचा बांध असतो. लावणीचे पाणी आधीच चार बोटे उभे आहे असे धरले, तरी आणखी दहा सेंटीमीटर पाणी त्यात सहज मावते. म्हणजे तो सगळा पाऊस खाचरातच राहिला; ओहोटी होईपर्यंत त्याने कुणाला त्रास दिला नाही. आता त्याच जागी सिमेंट आणि डांबर आले. पाणी मुरत नाही, थांबत नाही, धावते. अशा शंभर हेक्टरांचे पाणी धरायला दोन मीटर खोल आणि पाच हेक्टर पसरलेले तळे लागेल. त्या तळ्यात मीटरभर गाळ साचला की निम्मे तळे गेले. तळे कोरडे, पडीक दिसते म्हणून त्याच्या कडेला कुणी भराव टाकला, तर उरलेलेही गेले.

शेत हे केवळ पिकाचे साधन नव्हते, ते पाणी धरणारे भांडेही होते. जमिनीचा मोबदला देताना या भांड्याची किंमत कोणी धरली?

गाळाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. धारण तलावात खाडीचे पाणी येऊन-जाऊन गाळ बसतो आणि त्यावर कांदळवन उगवते. कांदळवन हे लाटांचे बळ मोडणारे, मासळीच्या पिलांना आसरा देणारे झाड. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये ते तोडण्यावर कडक बंदी घातली. सार्वजनिक कामासाठीही न्यायालयाची परवानगी लागते. हे योग्यच झाले. पण जे तळे दरवर्षी साफ व्हायला हवे होते, ते वर्षानुवर्षे तसेच राहिले, की मग त्यात जंगल उभे राहते आणि साफसफाई न्यायालयाच्या दारात जाते. दोष झाडाचा नव्हे, वेळेवर न झालेल्या कामाचा.

जुन्या गावांची स्थिती याहून नाजूक आहे. गावठाण जिथे होते तिथेच, त्याच उंचीवर राहिले. भोवती नव्या वसाहतींचा, गोदामांचा, रस्त्यांचा भराव चढला. पूर्वी गावातले पाणी शेतात उतरायचे. आता शेताच्या जागी उंचवटा आहे आणि पाण्याचा ओघ उलटा गावाकडे. त्यातच उधाण आणि अतिवृष्टी एकदम आली, तर? २६ जुलै २००५ रोजी असेच झाले होते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि ऐन मुसळधारेत दुपारची मोठी भरती लागली.

हा प्रश्न कागदावर मांडण्याची वेळ आता पुन्हा आली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य शासनाने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर जाहीर करून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला त्याचे नियोजन सोपवले. क्षेत्र सुमारे ३२३ चौरस किलोमीटर. म्हणजे जुन्या नव्या मुंबईच्या जवळपास बरोबरीचे. पुष्कळ गावकऱ्यांनी त्याला हरकती घेतल्या. त्यांचा संशय उगाच नाही. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, त्यात जासई-पागोटे भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतरच, १९९० च्या सुमारास आली. ही आठवण ज्या भागात ताजी आहे, तिथे नकाशा आला की लोक आधी आपला सात-बारा शोधणार, हे ओघानेच आले.

माझे म्हणणे एवढेच, की सात-बारा शोधून झाला की त्याच नकाशावर पाणीही शोधावे. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध करावा लागतो, ठरलेल्या मुदतीत लेखी हरकती व सूचना घ्याव्या लागतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. ‘आमचा विरोध आहे’ एवढे लिहिणारा अर्ज आणि ‘अमुक गट नंबरातला नाला आराखड्यात दाखवलेला नाही, त्यातून अमुक वाडीचे पाणी खाडीला जाते’ असे लिहिणारा अर्ज, यांत दुसऱ्याला उत्तर देणे भाग पडते. उघाड्या किती होत्या, कुठे होत्या, भराव झाल्यावर गावठाण रस्त्याहून किती खाली राहील, तळ्याचा गाळ कोणत्या खात्याने, किती वर्षांनी काढायचा: हे विचारावे. उघाडीची जागा कागदावर नसली तरी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ असते. ती माणसे आहेत तोवर विचारून घ्यावे.

शाळांना यात करण्याजोगे पुष्कळ आहे. भरतीची वेळ काढण्याचा आपल्या कोळी बांधवांचा हिशेब मुलांना शिकवा: तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. पावणेचारच्या सुमारास भरती पुरी होणार. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, आणि ते दुपारी व मध्यरात्री बाराच्या मागे-पुढे. मग पावसाळ्यात मुलांनी शाळेजवळच्या एखाद्या मोरीवर रंगाने खुणा कराव्यात आणि वहीत तारीख, तिथी, भरतीची वेळ, पाऊस आणि पाणी कुठल्या खुणेपर्यंत चढले ते लिहावे. पाऊस मोजायला सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा आणि पट्टी पुरते. अशी दोन पावसाळ्यांची वही सरपंचांच्या सहीने हरकतीच्या अर्जाला जोडता येते, आणि सुनावणीला जाताना बरोबर नेता येते.